धारेच्या वेळेचं लिखाण

पुण्याच्या एका लेखिकाबाईंनी मासिकात लिहिलं होतं, की लिहिणाऱ्यानं पहाटे चारला उठावं, आंघोळ करावी, पूर्वेच्या खिडकीशी मेज मांडावं, फुलदाणीत निशिगंध ठेवावा आणि उजाडेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलू नये. असा नेम धरला की लेखणी आपोआप चालायला लागते म्हणे. मी ते पान दोनदा वाचलं. बाईंच्या घरी म्हैस नसणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं. नवरा मानसिंग लष्करात हवालदार, त्यामुळं वर्षातले दहा महिने तिकडंच. घरात मी, सासूबाई अंबूबाई आणि धाकटे दीर नानासो. ऊस, थोडा भुईमूग आणि ही म्हैस. मी सातवी फायनल झालेली. त्या साली साताऱ्याच्या एका मासिकानं दिवाळी अंकासाठी खेड्यातल्या बायकांकडून गोष्टी मागवल्या होत्या. गणपती बसायच्या आत पाठवायच्या होत्या.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दुष्काळात आम्ही सासूसुना खडी फोडायला जात होतो, तेव्हा आमच्या शेजारी एक बाई बसायची. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातली, मेंढरं मेलेली, कुणाशी न बोलणारी. एक दिवस ती आलीच नाही. कुणी तिची चौकशी केली नाही, मुकादमानं तिची जागा दुसरीला दिली, झालं. ती बाई माझ्या मनातून जात नव्हती. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पण लिहायचं कधी? दिवसभर शेतात तण काढत भांगलण. रात्री भांडी पालथी घातली की डोळे आपोआप मिटायचे. म्हणून मी पुण्याच्या बाईंचं ऐकलं आणि पहाटे उठायला लागले. आंघोळ आणि निशिगंध सोडून दिला, नुसता कंदील आणि कागद घेतला.

आता म्हशीचं सांगते. ती माझ्या माहेरची. रेडकू होती तेव्हापासून माझ्या हातची. माझ्याशिवाय कुणालाही ती धार काढू द्यायची नाही. अंधारात माझी काकणं वाजली की तिला वाटायचं, आंबोणाची पाटी आली. मग ती असा हंबरडा फोडायची, की आळी जागी व्हावी. म्हैस ओरडली की सासूबाई उठायच्या.

"उठलीयास न्हवं? मग चुलीवर पाणी ठेव."

त्यांच्या मागून नानासो अंथरुणातूनच म्हणायचे, "वैनी, उठलायसाच तर च्या टाका. पाण्याची पाळी हाय माझी."

मी आणखी लवकर उठून पाहिलं. मग चहाही आणखी लवकर लागला. जितकं मी लवकर उठावं तितकी घराची सकाळ मागं सरकायची, आणि माझ्या वाट्याला काही उरायचं नाही. काकणांना चिंधी बांधली, तर म्हशीनं वासावरून ओळखलं. आषाढ संपला तेव्हा कागदावर दोन ओळी होत्या, त्यातली एक खोडलेली. मी इतकी दमले होते की पुण्याच्या बाईंचा रागसुद्धा यायचा बंद झाला.

श्रावणात हे सुट्टीवर आले. मासिकातलं ते पान त्यांनी वाचलं, माझ्या दोन ओळी वाचल्या, आणि मिशीला हात लावून म्हणाले, "ह्या बाईला आमच्या पलटणीत धाडाय पायजे. बरं, तू बस लिवत. धार मी काढतो."

म्हशीनं पहिल्याच दिवशी चरवी लाथाडली. यावर उपाय सगळ्या गावाला ठाऊक असतो. धार काढणारीचं लुगडं नेसून बसलं की म्हैस फसते आणि पान्हा सोडते. धारेच्या वेळी मी एक जुनं हिरवं लुगडं नेसायची. यांनी ते कसंबसं गुंडाळलं, मिशीवरून पदर ओढला आणि गोठ्यात जाऊन बसले. म्हशीनं हुंगलं, आणि दुधाची धार चरवीत वाजायला लागली. सासूबाई गोठ्याच्या मेढीला धरून इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. नानासोंनी ही बातमी पारावर नेली. तिथं यांना "हवालदारीणबाई" म्हणून हाका मारायला लागले. यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेसले.

आणि मी काय केलं? मी झोपले. खरंच. कागद पुढं घेतला, ती बाई डोळ्यांसमोर आणायला म्हणून डोळे मिटले, ते उन्हं दारात आल्यावर उघडले. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. यांनी मला उठवलं नाही, कंदिलाची वात तेवढी बारीक केलेली असायची. मला फार रडू आलं. इतक्या वर्षांची झोप नेमकी त्या वेळेची वाट बघत बसली होती. आठवडा गेला तेव्हा कुठं हात चालू झाला. गोष्ट अर्धी झाली आणि यांची सुट्टी संपली.

रहिमतपूरच्या स्टेशनवर यांना सोडून आल्यावर हिरवं लुगडं पुन्हा माझ्या अंगावर आलं. म्हैस ओरडायची, चहा व्हायचा, कागद कोनाड्यात पडून राहायचे. गणपती जवळ आले होते. गोष्ट आता राहिलीच, असं मी मनाशी धरून चालले होते. एका संध्याकाळी शेंगा फोडताना सासूबाईंनी विचारलं, "त्या खडीवरल्या बाईचं फुडं लिवलंस का न्हाई?"

"कवा लिवू? म्हशीला इचारा की!" मी फाडकन बोलले. त्यांनी पुढची शेंग फोडली.

सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. मामंजी गेले तेव्हा त्या विशीतल्या होत्या, नानासो रांगत होते. तेव्हापासून त्यांच्या अंगावर कधी हिरवं आलं नाही. काकण नाही, कुंकू नाही, विटकरी नाहीतर काळपट लुगडं. कुणाचा त्यांना धाक होता असं नाही, त्यांचं त्यांनीच ते इतकं कडक ठेवलं होतं, की दोरीवरच्या माझ्या हिरव्या लुगड्याची त्या कधी घडीही घालत नसत. पाऊस आला तर मला हाक मारायच्या.

शेंगांच्या त्या संध्याकाळनंतरच्या पहाटे मला उशिरा जाग आली. म्हैस ओरडली नव्हती. मी दचकून उठले, तर खुंटीवर लुगडं नव्हतं. गोठ्याकडून धारेचा आवाज येत होता. वाटलं, हेच परत आले की काय.

सासूबाई बसल्या होत्या. हिरवा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, काळेभोर काठ, आणि भुंडे हात म्हशीच्या कासेला. मी दारातच थांबले. त्यांनी मान वळवली नाही.

"बगत काय हुबी ऱ्हायलीस? जा, बस जा आत. उजाडायच्या आत लुगडं सोडते मी."

"आत्याबाई, आवं कुणी बघितलं तर?"

"म्हशीला काय ठावं, मी रांडाव हाय का सवाशीण? तिनं दिलं दूद. जा आता."

मी आत आले. कंदील लावला. त्या दिवशी मला झोप आली नाही. एका विधवेनं हिरवं नेसून मला मिळवून दिलेली ती वेळ होती, त्यात डोळा लागला असता तर मी माझं तोंड बघितलं नसतं.

मग तोच आमचा नेम झाला. अंधारात त्या लुगडं नेसायच्या, चहाला म्हणून नानासो हाक मारायला लागले तर गोठ्यातूनच खेकसायच्या, "हातपाय हायत न्हवं तुला? टाक की!" पाखरं बोलायला लागली की लुगडं पुन्हा खुंटीवर आणि मी चुलीपाशी. पूर्वेची खिडकी आमच्या घराला नाही, पण गोठ्यातला धारेचा आवाज ऐकू आला की मला पुढचं वाक्य सुचायचं. खडीवरची बाई हळूहळू बोलायला लागली. दोघी दिवसभर पेंगत होतो, भांगलताना एकमेकींवर चिडत होतो, पण पहाट कुणी चुकवली नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात गोष्ट पुरी झाली. पाकीट चिकटवून मी गोठ्यात गेले. बाहेर नुकतं फटफटायला लागलं होतं. सासूबाईंनी आपलं विटकरी लुगडं नेसलं होतं आणि त्या हिरव्याची घडी घालत होत्या.

"झाली, आत्याबाई," मी म्हणाले. "लय तरास दिला तुमास्नी. उद्यापासनं निजून ऱ्हावा, धार मीच काढीन."

घडी झालेली होती, ती त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दुसरी न्हाई का एकांदी तुज्याकडं?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांचा काठावर फिरणारा अंगठा दिसला. माझ्या डोक्यात तेव्हा एकही गोष्ट नव्हती, नुसती झोप होती.

"हाय की," मी म्हणाले. "लय लांबडी हाय."