पल्याडच्या कोंडीतलं उत्तर

ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरातली तीन माणसं त्या दिवशी सकाळीच अंघोळ करून खोपटच्या दिशेनं निघाली, तेव्हा गावानं ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. सणवार नव्हता आणि तिघांपैकी कुणाचं लग्न व्हायचं राहिलं नव्हतं. आनंदा गाणारा, नाथा ढोलकीवाला आणि काळुराम झांजवाला. झांज काळुरामला वाजवता यायची असं नाही, पण ती त्याच्या मालकीची होती.

मुंबईहून गोपीनाथपंत नावाचे गृहस्थ फोनोग्राफ घेऊन खोपटला उतरले होते. माणसाचा आवाज मेणाच्या नळीवर कोरून घ्यायचा आणि जत्रेत लोकांना ऐकवायचा, असा त्यांचा धंदा. यंत्र साहेबाचं, कीर्ती पंतांची, घसा तेवढा आपला.

आनंदाला जत्रेशी देणंघेणं नव्हतं. त्याला बायकोचं, तुळसाचं गाणं जपायचं होतं. मिठागरात तो अलीकडच्या कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, मीठ ओढायचा आणि ती पलीकडच्या. तो गायचा, "भरती सरली, खाडी उघडी पडली, पल्याड कोन हाय?" मग पलीकडून तुळसा उत्तर द्यायची, रोज निराळं. कधी, "मासं टिपनारा बगला हाय, तुमच्यापरीस कामाचा." कधी, "दुपारची भाकर हाय, यायचं तर या." आगरातली सगळी माणसं हातातलं काम थांबवून त्या उत्तराची वाट बघायची.

गेल्या पावसाळ्यात तुळसा तापानं गेली. त्यानंतरही आनंदा ओळ गायचा, उत्तरापुरता थांबायचा आणि पुढची ओळ घ्यायचा. या थांबण्याबद्दल आगरात कुणी बोलत नसे. पण आता त्याचाही आवाज खरखरायला लागला होता. तो बसला की ओळ जाणार, आणि ओळीबरोबर उत्तराची जागाही.

पंतांनी खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. ढोलकीनं मेणाला धक्का बसतो म्हणून नाथाची रवानगी बाहेर पडवीत झाली. "नळ्या दोनच उरल्यात," पंत म्हणाले. "यंत्राच्या या कर्ण्यात तोंड घालून गा. खोकू नका."

तिघांनी सुरुवात केली. पहिलं नमन गणपतीला. मग गावदेवीला, खाडीला, भरतीला, ओहोटीला, ज्यानं गाणं शिकवलं त्याला, आणि ज्यानं त्याला शिकवलं त्यालाही. काळुरामनं आयत्या वेळी कर्ण्यालाही एक नमन घातलं. तेवढ्यात नळी संपली.

"गाणं कुठाय?" पंतांनी विचारलं.

"आता सुरू व्हईल," काळुराम म्हणाला.

"अहो, नळी भरली."

"नमन केल्याबिगर गायचं कसं, पंत? देव रागावंल."

"देवांचं मी बघतो. तुम्ही गाण्याचं बघा."

शेवटची नळी चढवण्याआधी पंतांनी शहाणपणा करून गाणं एकदा नुसतंच ऐकलं. आनंदा ओळ गायला आणि थांबला. पंतही थांबले. मग म्हणाले, "असं मध्ये गप्प नाही राहायचं. लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. कुणीतरी काहीतरी म्हणा."

नाथा दारातून आत आला. "आनंदा, मी देतो तिचं उत्तर. आवाज बारीक करतो. लोक हसतील, पन जागा भरंल."

आनंदा कर्ण्याकडे बघत राहिला. त्या काळ्या तोंडात खोल कुठंतरी अंधार होता, आणि तो अंधार काही सुचवत नव्हता.

"घे," तो म्हणाला.

नळी फिरायला लागली. आनंदानं ओळ घेतली. पल्याड कोन हाय? नाथानं छाती भरून घेतली, ओठ चिमणीसारखे केले, आणि आनंदाचा मिठानं चिरलेला तळवा त्याच्या तोंडावर बसला. नाथा तसाच उभा राहिला. काळुरामची झांज जन्मात पहिल्यांदाच बरोबर ठिकाणी वाजायची थांबली. तुळसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा जाऊ दिला आणि आनंदानं पुढची ओळ धरली. नळी भरेपर्यंत दर वेळी असंच झालं. नाथानं तोंड सोडवून घेतलं नाही.

पंतांनी सुई बदलली आणि नळी वाजवली. कर्ण्यातून आनंदाचाच आवाज आला, डब्यात कोंडल्यासारखा. पल्याड कोन हाय? मग नुसती खरखर. ओल्या मिठावरून लाकडी फळी ओढावी तशी.

"बघा, इथं काहीच उतरलं नाही," पंत कपाळाला हात लावून म्हणाले.

"बराबर हाय," आनंदा म्हणाला. "रुसली की अशीच गप बसायची." तो कर्ण्याजवळ सरकला. "परत लावा."

"दर वेळी मेण झिजतं हो. आवाज जाईल तुमचा."

"माझा जाऊ द्या. ती मधली जागा झिजंल काय?"

"तिथं आहेच काय झिजायला?"

"मग तेवढीच लावा," आनंदा म्हणाला आणि कान कर्ण्यात घातला.