पंपाची सवय

“अब्बा, आधी पाणी सोडलं होतं की आधी इंजिन चालू केलं होतं?”

नासीर मिस्त्रीचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. चाळीस वर्षं पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीनं हे विचारावं!

“आधी पाणीच ना. पंप कोरडा चालवतात का कधी?”

खुशनुमाच्या हातात वॉटर स्कूटरचं इंग्रजी पुस्तक होतं. तीन दिवस ते त्याच्या हत्यारांच्या पिशवीत पडून होतं. तिनं ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि आवाज खाली आणला. “यात उलटं लिहिलंय. आधी इंजिन, मग नळीचं पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. नाहीतर पाणी सायलेन्सरमधून इंजिनात शिरतं. आतून गंज धरतो.”

नासीरनं कप खाली ठेवला. त्यानं नुसतं आधी पाणी सोडलं नव्हतं. गाळ धुऊन झाल्यावर इंजिन बंद केलं आणि तापलेलं आहे, जरा गार होऊ दे म्हणून पाच मिनिटं नळी तशीच चालू ठेवली होती. केवढी ती माया! वर उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळाही कोंबला होता. म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट म्हणून ठेवली नव्हती.

ही स्कूटर काही कुणाच्या हौसेची नव्हती. विसर्जनाला दोन पोरं गिरणा नदीत बुडाली, त्यानंतर भडगावच्या तरुणांनी ती मालवणहून जुनी आणली. हितेंद्र सर शाळेत खेळ शिकवायचे, तेच ती चालवायचे. गेल्या भाद्रपदात त्यांनी तिच्यावरून तिघांना काठावर आणलं होतं. उन्हाळ्यात नदीच आटते, तेव्हा पूर येईपर्यंत ती घाटाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवायची आणि ते काम नासीरकडे. आता पाण्यात कुणी हात वर करतोय, सर बटण दाबतायत आणि इंजिन ढिम्म, एवढंच त्याला दिसू लागलं. सरांना फोन लावायला अंगठा गेला आणि परत आला.

त्यानं पिशवी उचलली, मोटरसायकलला किक मारली.

शेडची किल्ली राखणदार भाईदासकडे होती. नासीरचा चेहरा पाहून तो खाटेवरून उठलाच.

“नासीरभाई, इतला घाबरायेल कसाले? काय व्हयनं?”

“मना हातथाईन चूक व्हई गई, भाऊ. किल्ली दे पहिले.”

ताडपत्री काढली, बोळा उपसला. तिन्ही प्लग काढताना पाना दोनदा घसरला. पहिल्याच प्लगच्या टोकाला पाणी होतं, तांबूस. नासीरनं मागून हात घालून इंजिनाला जोडलेला पंखा फिरवून पाहिला. पंखा हलेना. पुन्हा जोर लावला. हलेना.

“अल्ला,” तो एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

मग तिन्ही भोकांत पातळ ऑइल सोडून तो वाट पाहू लागला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. भाईदास उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

“परवा अवकाळी उना व्हता ना? पत्रा गळना म्हनी सांगी द्या. सरले इंजनमझारलं काय समजस?”

खोटं कशाला सांगायचं, नासीरचं मन मोहात पडलं होतं. चांगलंच पडलं होतं. पत्रा गळतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

तासाभरानं पंखा बोटभर हलला. मग वीतभर. मग कुरकुरत एक फेरा पुरा झाला आणि भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी नासीरच्या सदऱ्यावर उडाली. तेलकट हातानंच त्यानं सरांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी आधी पंखा आता फिरतो का, ते विचारलं. मग म्हणाले, “धुळ्याला एक जण ही इंजिनं बघतो. उद्या टेम्पोतून नेऊ. आणि तिथं पत्रा गळला म्हणायचं, नासीरभाई. तुमचं नाव कशाला खराब करायचं?”

भला माणूस. नासीरला त्या भलेपणाचीच लाज वाटली. तरी तो “बरं” म्हणाला.

धुळ्याचा मिस्त्री पियुष पंचविशीतला असेल. सरांनी गळक्या पत्र्याची गोष्ट सांगितली. त्यानं बॅटरीचा उजेड टाकून प्लगच्या भोकांत डोकावून पाहिलं. “वरून उडालेलं पाणी आहे. साफ करून, ऑइल मारून तासाभरात देतो. घेऊन जा संध्याकाळपर्यंत.”

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. नासीरला तो सोडता येईना. पाणी वरून आलंय असं समजून हा पोरगा वरवर पुसून देणार आणि खालचं तसंच राहणार. चार महिने. मग पूर.

“वरून नाही,” तो म्हणाला. “मागून गेलंय. सायलेन्सरमधून. इंजिन बंद झाल्यावर पाच मिनिटं नळी चालू होती.”

पियुष हातातलं फडकं टाकून वळला. “असं कोणी केलं?”

सर जमिनीकडे बघू लागले.

“मी. भडगावचा नासीर मिस्त्री. पंपाचं काम करतो.”

पोरगा हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं इंजिनाखाली डबा ठेवून ऑइलची नळी सोडवली. ऑइल काळं नाही, दूध घातलेल्या चहासारखं आलं. “म्हणजे पाणी खालपर्यंत गेलंय, ऑइलमध्ये मिसळलंय,” पियुष म्हणाला. “सगळं खोलावं लागेल. दोन दिवस लागतील. बरं झालं बोललात. बसा चाचा, स्टूल घ्या.”

नासीर बसला नाही. ऑइल सांडू नये म्हणून तो वाकून दोन्ही हातांनी डबा धरून राहिला.