पहिली रांग

माझे सासरे, शांतवन मास्तर, प्रार्थनेला उभे राहिले की लवकर बसत नसत. "प्रभू, आम्ही सारी तुझीच लेकरं," हे वाक्य त्यात हटकून यायचं. पौडच्या आमच्या चिमुकल्या ख्रिस्ती मंडळीला त्यांच्या भक्तीचं कोण कौतुक! मला मात्र घरातला तो कप आठवायचा.

कानतुटका कप होता, ओट्यावरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. माले गावचा बहिरू केरसुण्या विकायला आला की त्याला चहा त्यातूनच. बहिरू आमच्यासारखाच बाप्तिस्मा घेतलेला, पण मामंजींच्या लेखी जात काही पाण्याने धुऊन जात नव्हती. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, दुसरं काय!

म्हणूनच प्रभुभोजनाच्या रविवारी ते सर्वांआधी जाऊन पहिल्या रांगेत बसत. द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांना मिळून एकच, आणि तो पुढून मागे जायचा. बहिरू शेवटच्या रांगेत असे. लोकांना वाटे, मास्तरांना देवाची केवढी ओढ.

अठ्ठ्याहत्तर साली नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी प्याला मागून सुरू केला. "दर वेळी पुढच्यांचाच मान कशाला?" म्हणाले. प्याला मामंजींकडे आला, तेव्हा त्यांनी तो नुसता ओठांशी नेला आणि परत दिला. घोट घेतलाच नाही. मी बायकांच्या बाजूने बघत होते, बहिरूही मान उंच करून बघत होता. मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे पाहवेना.

पुढच्या महिन्यात मामंजी थेट शेवटच्या रांगेत, अगदी कडेला जाऊन बसले. प्याला तिथूनच सुरू व्हायचा. मंडळी भारावली, काय ही नम्रता! बहिरू आला. आपली जागा गेलेली पाहून मुकाट त्यांच्या शेजारी टेकला.

पाळकसाहेबांनी मामंजींच्या हातात प्याला दिला, तसा बहिरू हळूच म्हणाला, "मास्तर, घ्या बिनघोर. मला तुमचं उष्टं चालतंय."

मी पलीकडेच, बायकांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच नव्हता.  मामंजींनी प्याला बहिरूपुढे केला.

बहिरू प्यायला. त्याच्या मागून मामंजी प्यायले. डोळे घट्ट मिटून, पण प्यायले.