माझ्यासारखाच दुसरा अडॅप्टर

मी एक जुना अडॅप्टर आहे. थांबा, लगेच फोन पुढे करू नका, मित्रांनो. माझ्यावर कुणाचा फोन चार्ज होत नाही. मी ऑइल फिल्टरचा अडॅप्टर. ट्रकच्या इंजिनाला मला चार बोल्टांनी आवळलेलं असतं आणि माझ्या पुढच्या नळीवर फिल्टर फिरवून बसवतात. फिल्टर सगळ्यांना माहीत असतो. त्याला चकचकीत रंग असतो, अंगावर छापलेलं नाव असतं आणि दर काही महिन्यांनी नवा येतो. मी त्याच्यामागे काळाकुट्ट होऊन बसलेला असतो. वर्षानुवर्षं माझं नावही कुणी घेत नाही. ज्या दिवशी मी मोडतो, त्या दिवशी मात्र अख्ख्या बाजारात माझ्या नावाने शोधाशोध सुरू होते. जगाची रीतच अशी, कुणाला काय बोलणार!

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, गार झाल्यावर मला बाहेर काढलं, कापलं, घासलं आणि माझ्या नळीवर आटे पाडले. तपासणीच्या टेबलावर जाड चष्म्याची एक बाई बसायची. तिने माझ्या आट्यांवर मापाची कडी फिरवली. कडी कुठेही न अडखळता शेवटपर्यंत गेली. "हा पोरगा नीट आहे," ती म्हणाली आणि मला चांगल्यांच्या पेटीत टाकलं. माझं एवढंच कौतुक झालं, पण मला ते पुष्कळ दिवस पुरलं.

माझ्या अंगात एक भोक होतं. त्यात एक छोटी चकती आणि चकतीमागे स्प्रिंग. ही माझी झडप. तिचं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. इंजिनातलं तेल फिल्टरमधून गाळून पुढे जातं. पण गारठ्यात तेल दाट होतं, किंवा फिल्टर कचऱ्याने तुंबतो, आणि मग तेल त्यातून पुरेसं जात नाही. अशा वेळी ही झडप आपोआप उघडते आणि तेलाला बाजूच्या वाटेने सोडते. ते तेल गाळलेलं नसतं, पण पोचतं तरी. उपाशी ठेवण्यापेक्षा शिळं वाढलेलं बरं, असा आमचा साधा विचार.

मला एका मध्यम आकाराच्या ट्रकला बसवलं. त्याचे मालक आणि चालक एकच, तात्या. ते काचा वाहायचे. ट्रकच्या मागे उतरत्या छपरासारखी लाकडी चौकट होती, तिला दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या काचा टेकवून, मध्ये गोणपाट घालून बांधायच्या. काचा नेणारा माणूस घाई करत नाही. तात्याही करत नसत. फिल्टर बदलताना ते मला फडक्याने पुसायचे, नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावायचे आणि तो फक्त हाताने आवळायचे. पान्याला हात लावू देत नसत. मला त्यांचा फार अभिमान होता. अजूनही आहे, म्हणूनच तर पुढचं सांगताना जीव जड होतो.

अकरा वर्षांपूर्वी लांबच्या एका रस्त्यावर फिल्टर बदलायची वेळ आली. जुना फिल्टर काढला तर मेकॅनिकच्या तळहातावर माझ्या स्प्रिंगचे दोन तुकडे पडले. झीज होऊन ती तुटली होती. चकतीही वाकली होती.

"ही इथे मिळायची नाही," मेकॅनिक म्हणाला. "भोकात बोल्ट मारून बुजवून टाकतो. गाडी पळेल."

"काही होणार नाही ना?" तात्यांनी विचारलं.

"थंड इंजिनावर लगेच पळवू नका म्हणजे झालं. आणि घरी गेल्यावर दुसरा अडॅप्टर टाका."

घरी गेल्यावर तात्या उद्या करू म्हणाले. मग परवा. मग हंगाम संपल्यावर. आजचं काम उद्यावर टाकलं की त्याला कसे पाय फुटतात, ते तुमच्या गृहपाठाच्या वहीला विचारा! हळूहळू तात्यांनी त्या बोल्टाभोवती एक सवयच बांधली. रोज सकाळी ते इंजिन सुरू करून दहा मिनिटं नुसते उभे राहायचे. फिल्टर वेळेच्या आधीच बदलायचे. लोक म्हणायचे, "गाडी सांभाळावी तर तात्यांनी!" तात्या हसायचे. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आपल्या लेकीलासुद्धा नाही.

त्यांची धाकटी लेक म्हणजे बारकी. दोन वर्षांपूर्वी तात्यांची नजर अधू झाली आणि ट्रक बारकी चालवू लागली. तात्यांनी एक काम मात्र सोडलं नाही. सकाळी गाडी सुरू करायची ती त्यांनीच. "इंजिन म्हणजे म्हातारं माणूस," ते तिला सांगायचे, "उठल्या उठल्या पळवू नये." बारकीला ते फार आवडायचं. चार लोकांत ती ते वाक्य सांगायची. मी आत बसून चरफडायचो. अहो तात्या, म्हाताऱ्या माणसाचा काय संबंध, माझं भोक बुजवलंय ते सांगा ना!

गेल्या महिन्यात बारकीने पहिल्यांदाच एकटीने फिल्टर बदलला. कडेने तेलाचा एक थेंब दिसला म्हणून ती घाबरली आणि पट्ट्याचा पाना आणून तिने एक जादा पिळा दिला. कट्! माझ्या नळीच्या बुडाशी तडा गेला. तेल भळाभळा वाहू लागलं.

ती तशीच तेलकट हातांनी घरात गेली आणि म्हणाली, "तात्या, माझ्याकडून अडॅप्टर मोडला. पाना लावला मी."

काही लपवलं नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही. मला वाटलं, आता तात्या तिच्या पाठीवर हात ठेवतील. कसलं काय! ते कडाडले. "हाताने आवळायचं एवढं साधं कळत नाही? वीस वर्षं मी हे जपलं ते तू मोडायला का? सोमवारपर्यंत गाडी चालू झाली नाही तर सरळ भंगारात घालतो." बारकीने मान खाली घातली. चूक तिची होती, हे तिला मान्य होतं. त्यांची चूक तिला कुठे माहीत होती?

सोमवारी सकाळी आठला काचेच्या दुकानात माल चढायचा होता. शाळेच्या नव्या इमारतीच्या खिडक्या होत्या, आणि आठ म्हणजे आठ, असं काचवाल्याने बजावलं होतं. हे काम गेलं असतं तर ट्रकही गेला असता, आणि ट्रक चालवण्यावाचून बारकीला दुसरं काही करायचं नव्हतं. तिने मला फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि तात्यांना घेऊन निघाली. माझी जागा घेणारा शोधायला नमुना म्हणून मलाच नेलं! बघा काय वेळ आली.

कंपनीच्या दुकानात एका तरुणाने कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हा बंद झालाय." दुसरीकडे एक चकाकता भाऊबंद मिळाला. त्यावर आमचा फिल्टर दीड पिळा फिरला आणि अडकला. "जरा जोर लावा, बसेल," दुकानदार म्हणाला. बारकी म्हणाली, "जोर लावूनच इथवर आले, काका." तात्या दाराबाहेर उभे होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. शनिवार दुपारपर्यंत आम्ही सात दुकानं पालथी घातली. एकाने तर मला कुकरचं झाकण धरायची मूठ समजून बाजूला ठेवलं. तोंड असतं तर त्याला चांगलं सुनावलं असतं.

शेवटी जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्या काकूंकडे पोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनांच्या राशी, आणि मध्ये स्टुलावर बसून काकू रॉकेलच्या फडक्याने बेअरिंगं पुसत होत्या. त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं. "अगं बाई, काय सुबक ओतलंय! आता असं कुणी ओतत नाही." इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याशी माणसासारखं वागलं. काकू आत गेल्या आणि दोन अडॅप्टर घेऊन आल्या.

"हे बघ पोरी. दोघांचे आटे तेच, बोल्टांची भोकं तीच. हा झडपेचा, हा बिनझडपेचा. बिनझडपेचा दुसऱ्या इंजिनाला लागायचा, तिथे झडप फिल्टरच्या पोटातच असते. तुमचा कुठला?" बोलता बोलता त्यांनी माझ्यावरची काजळी अंगठ्याने घासली. "इथे बोल्ट दिसतोय. हे मुळातच असं, की कुणी बुजवलंय?"

बारकीने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी मनात ओरडत होतो. सांगा, तात्या, आता तरी सांगा! चार शब्दांचं काम आहे!

"मुळातलंच," तात्या म्हणाले. "पहिल्यापासून असंच आहे."

"माझं मन म्हणतं झडपेचा घ्या," काकू म्हणाल्या.

"नाही काकू," बारकी म्हणाली. "ही गाडी तात्यांइतकी कुणाला माहीत नाही. नमुन्यासारखाच द्या."

आणि माझ्यासारखाच दुसरा तिने घेतला. माझी खोड जशीच्या तशी असलेला! तुटलेल्या स्प्रिंगचं दुःख मी सोसलं, मित्रांनो, पण त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

ट्रक ओढून गॅरेजात नेला होता, तिथल्या मिस्त्रींनी रविवारी तो दुसरा अडॅप्टर बसवला. इंजिन छान चाललं. गळती नाही, आवाज नाही. मिस्त्रींनी बारकीला टाळी दिली. ट्रक तिथेच राहिला आणि सोमवारी दोघं तिथूनच निघाली. मी बारकीच्या पिशवीत, सीटवर होतो. गारठा असा होता की मिस्त्रींच्या नळाखालची बादली वरून गोठल्यासारखी दिसत होती. किल्ली बारकीच्या हातात होती. तिने इंजिन सुरू केलं आणि लगेच गिअर टाकला.

"दहा मिनिटं थांब," तात्या म्हणाले.

"आठला वीस कमी आहेत, तात्या. आज नको ते म्हाताऱ्या माणसाचं."

"थांब म्हणतो ना."

"का पण? एक कारण सांगा, थांबते."

कारण त्यांच्या ओठावर आलं होतं. मी पिशवीत होतो, तरी मला कळलं. पण ते खिडकीकडे वळले. "बरं, चल," म्हणाले.

चढ लागला. बारकीने जोर दिला आणि समोरचा तेलाचा तांबडा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला आणि तसाच राहिला. खालून टक टक असा कोरडा आवाज येऊ लागला. तेल वाटेतच अडलं होतं, आणि त्याला दुसरी वाट नव्हती.

"बंद कर!" तात्या ओरडले. "बारके, आधी इंजिन बंद कर!"

तिने बंद केलं. ब्रेक दाबून ट्रक कडेला उभा केला. मग तात्यांनी डॅशबोर्डवर दोन्ही हात ठेवले आणि सगळं सांगितलं. रस्त्यावरचा मेकॅनिक, तुटलेली स्प्रिंग, बुजवलेलं भोक, दहा मिनिटांचं खरं कारण. "काकूंनी विचारलं तेव्हा सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तुला इतकं बोललो होतो गं. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

बारकीने फोन काढला आणि काचवाल्याला लावला. "आज गाडी येत नाही. दुसरी बघा." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "आमची चूक झाली." आमची, म्हणाली ती. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

फोन ठेवून तिने वही काढली. "या गाडीत अजून काय काय आहे, जे मला माहीत नाही?"

तात्या सांगू लागले. डिझेलच्या टाकीखाली साबण लावून बंद केलेली चीर. वायरला वायर पिळून चालवलेला मागचा दिवा. ती खाली मान घालून लिहीत होती. तिसरी गोष्ट ब्रेकची होती. एका चाकाची गळकी नळी तात्यांनी ठोकून बंद केली होती, म्हणजे ट्रक तीनच चाकांच्या ब्रेकवर चालत होता. तिचं पेन थांबलं.

"यावर मी दोन वर्षं काचा घेऊन घाट उतरतेय, तात्या."

 

शाळेच्या खिडक्या दुसऱ्या ट्रकने नेल्या आणि काचवाल्याने तोच कायमचा धरला. आमचा ट्रक अजून मिस्त्रींकडे उभा आहे. बारकीने तो भंगारात घालू दिला नाही. काकूंकडून झडपेचा अडॅप्टर आणला आहे, पण तेलावाचून इंजिनाची बेअरिंगं घासली गेली आहेत आणि ती शोधायला बारकी सुट्टीच्या दिवशी वणवण फिरते. एरवी ती बदली चालक म्हणून दुसऱ्याचा टेम्पो चालवते. तात्या रोज येऊन वहीतली एकेक ओळ दुरुस्त करून घेतात. संध्याकाळी तिला सांगतात, "ब्रेकची नळी नवी टाकली बरं का." ती म्हणते, "हो, तात्या." मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरते आणि स्वतः बघून येते. पूर्वी ती असं कधी बघत नसे. तात्या तेवढा वेळ बाहेर उभे राहतात.

मी मिस्त्रींच्या फळीवर पडलेलो असतो. एक दिवस मला वितळवतील, त्याचं काही नाही. पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. वस्तू मोडतात. कुणाच्याही हातून मोडतात, त्यात लाज कसली! तात्पुरतं काही बांधून, बुजवून चालवावं लागलं तर तेही चालवा. पण ती वस्तू दुसऱ्याच्या हातात द्याल, त्या दिवशी आधी सगळं खरं सांगा. तो तुमच्यावर विश्वास ठेवून घाट उतरणार असतो.