निपाणीचा सिग्नल

मारुतीरावांच्या कानांत दोष नव्हता. दोष असता तर मैत्रीनं त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

बेळगावच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचे ते अध्यक्ष. दर रविवारी सकाळी हवेवरची हजेरी तेच घ्यायचे. खानापूर असो की सांबरा, ज्यानं त्यानं आपला कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, सांगायचा, मारुतीरावांनी तो परत उच्चारून 'रॉजर', म्हणजे पोचलं, म्हणायचं, झाली हजेरी. निपाणीहून मैत्रीचे वडील भीमाप्पा हाक द्यायचे. कोल्हापुरात ते खणखणीत ऐकू यायचे. मारुतीराव मात्र शांतपणे म्हणायचे, "निपाणीचा सिग्नल ऐकू येत नाही. पुढे."

भीमाप्पांच्या घरात बुद्धवंदना व्हायची आणि मारुतीरावांच्या घरात अशा माणसाला अजून बाहेरच्या कट्ट्यावर पाणी मिळायचं. आता सांगा, सिग्नल कसा पोचणार? क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे मूग गिळून बसायचे. भीमाप्पांनी बिचाऱ्यांनी तार बदलली, खांब उंच केला, सेट नवा आणला. दुखणं एकीकडं आणि औषध भलतीकडं! गेल्या वर्षी ते वारले, आणि हजेरी काही लागली नाही ती नाहीच.

मैत्री पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. बापाची खोली तिनं मोडली नाही. उलट प्लास्टिकच्या बादलीवर तांब्याची तार गुंडाळून भलीमोठी कॉइल केली, गच्चीवरून चिंचेपर्यंत तार ताणली आणि अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारं स्टेशन उभं केलं. असं स्टेशन जिल्ह्यात दुसरं एकच होतं, मारुतीरावांचं. म्हणूनच क्लबचा चिटणीस साईराज बेळगुंदीहून मोटरसायकल हाणत तिच्या दारात आला.

"आक्का, क्लबला पन्नास वर्षं झाली. सांबऱ्याच्या हॉलात कार्यक्रम हाय. त्या दिवशी सर अध्यक्षपद सोडणार. त्याआधी जिल्ह्यातलं खालच्या पट्टीवरचं पहिलं बोलणं आपल्या नावावर व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. पाटी बी करून ठेवलीया. पण उत्तर द्यायला तुझ्याशिवाय कोण हाय गं?"

आतून शेवंताबाई, मैत्रीची आई, म्हणाली, "त्याला म्हणावं, न्हाय जमत."

"जमतंय की," मैत्री म्हणाली. "का न्हाय जमायचं?"

"मग मोड कुठला ठेवायचा? सर म्हणत्यात पंधरा सेकंदांचा ठेवू, झटपट हुईल."

त्या पट्टीवर आवाज जात नाही. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकमेकांना सुरांतून छोटे निरोप पाठवतात. निरोप जितका सावकाश, तितका क्षीण सिग्नलही पकडता येतो. मैत्रीनं तिन्ही पर्याय मनात जोखले. बीकन मोडमध्ये माणूस नुसतं आपलं नाव सांगत राहतो, कुणी उत्तर द्यायचंच नसतं. म्हणजे उत्तर नाही मिळालं तरी झोंबणार काय, कपाळ? पंधरा सेकंदांचा मोड घ्यावा, तर गल्लीतल्या दिव्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या खरखरीत सिग्नल खरोखरच बुडायचा. मग 'ऐकू येत नाही' हे खरं ठरलं असतं, आणि तिला खरं बोलायचं नव्हतं.

"पाच मिनिटांचा ठेव," ती म्हणाली. "पाच मिनिटं त्यांनी पाठवायचं, पाच मिनिटं मी."

"लई वेळ जाईल की."

"जाऊ दे. पण अक्षर चुकायचं न्हाय. आणि नेटवरचा नकाशा मोठ्या पडद्यावर लावा. कुणाचा सिग्नल कुठं पोचला ते सगळ्यांना दिसू दे."

साईराज खुशीत गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी उन्हं कलताना मारुतीरावांनी सांबऱ्याच्या हॉलात मांडलेल्या आपल्या सेटवरून हाक दिली. पाच मिनिटांनी मैत्रीच्या पडद्यावर ओळ उमटली: आधी तिचा कॉलसाइन, मग त्यांचा. एकही अक्षर फुटलं नव्हतं. तिच्या कॉम्प्युटरनं आपण होऊन नकाशाला कळवलं, आणि सांबऱ्याहून निपाणीपर्यंत लाल रेघ ओढली गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला असणार.

मैत्री हात बांधून बसून राहिली. तिची पाच मिनिटं कोरडी गेली.

त्यांनी पुन्हा हाक दिली. पुन्हा रेघ उठली, पुन्हा निपाणी गप्प. तिसऱ्या खेपेनंतर फोन वाजला. मारुतीरावांचाच होता, आणि मागं हॉलातली कुजबुज ऐकू येत होती.

"मैत्री, अगं, तुझा ट्रान्समीटर बिघडला काय?"

"न्हाय सर, ठणठणीत हाय. स्पीकरवर टाका, सगळ्यांनाच सांगते."

त्यांनी टाकला.

"निपाणीला सांबऱ्याचा सिग्नल ऐकू येत नाही," मैत्री सावकाश म्हणाली. "पुढे."

 हॉलात समोर भिंतीएवढ्या पडद्यावर लाल रेघ आणि कानात हे वाक्य! क्लबातल्या जुन्या माणसांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं, की कुणाला फोड करून सांगावं लागलं नाही. फोन कट झाला. मैत्रीला हसू आलं, आणि हसताना छातीत एवढी वर्षं साठलेली आग उलट आणखी भडकली. वाटलं होतं, निवेल.

मग कुणी न विचारताच पडद्यावर आणखी एक ओळ उतरू लागली. पाच मिनिटं दोघी मायलेकी बघत उभ्या राहिल्या. ओळ पुरी झाली. तिच्यात मैत्रीचा कॉलसाइन नव्हता. भीमाप्पांचा होता. पुढं एकच शब्द, रॉजर.

शेवंताबाईनं तोंडाला पदर लावला. "लागली गं हजेरी! आता तरी दे त्याला उत्तर. म्हातारा वाट बघत असंल."

मैत्रीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग हात लांब करून ट्रान्समीटरचं बटण बंद केलं.

"मला कुठं हाक मारलीया, आये? आप्पांना मारलीया. आप्पांनाच देऊ दे उत्तर."