डॉलरवर डूख धरलेला कलदार

मी एक जुना कलदार आहे. कलदार म्हणजे चांदीचा रुपया. मित्रांनो, मला चिल्लर म्हणाल तर याद राखा! एका डॉलरवर मी दोन वर्षं डूख धरून होतो, त्याचीच ही गोष्ट.

टांकसाळीत माझ्यावर इंग्रज राजाचा चेहरा उमटला, तेव्हाचा रुबाब काय सांगू! माझे भाऊबंद पार मस्कत-बहरीनला चालायचे. तिथले व्यापारी त्यांना दगडावर वाजवून घेत. पुढे राजाचं राज्य गेलं, आमचा काळ सरला, आणि मी वलगावच्या गोदाबाईंच्या बटव्यात येऊन पडलो. वडिलांनी लग्नात दिलेला, म्हणून त्या मला जीव लावत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात मधोमध मीच असायचो.

मग त्यांचा नातू नितेश जहाजावर नोकरीला लागला आणि शंभर डॉलरची एक नोट घेऊन आला.

"आजी, हे जपून ठेव. आपला रुपया घसरून राहिला. साऱ्या जगाच्या तिजोरीत हा डॉलरच हाय."

झालं! ताटात मधोमध डॉलर, आणि मला सारलं सुपारीमागे. माझ्या अंगाची लाही लाही झाली. नितेश सुट्टीवर घरी असला की त्याच्या मोबाईलवरच्या बातम्या मीही ऐकतो. मोठमोठे देश आता सोनं साठवताहेत, आपापल्या पैशात व्यवहार करू बघताहेत. म्हटलं, बेट्या, माझेही दिवस कायमचे वाटले होते. तुझी पाळी येऊ दे!

गोदाबाईंनी ओल्या बोटांनी आम्हा दोघांना ठसठशीत हळद-कुंकू लावलं. मला चिंचेने घासलं की मी लखलखीत. कागदाचं काय होणार, हे मला ठाऊक होतं. मनातल्या मनात मी टाळ्या पिटल्या.

यंदा नात सीमाला अमरावतीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. होस्टेलची जागा धरायला अडीच हजार रुपये त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत भरायचे होते, नाहीतर जागा दुसरीला. नितेश भर समुद्रात, फोन लागेना. गोदाबाई सीमाला घेऊन अमरावतीतल्याच परदेशी नोटा बदलून देणाऱ्या दुकानात गेल्या. दुकानदार फुरकानने नोट उजेडात धरली.

"आजी, नोट असली हाय. पन हे लाल-पिवळं काय?"

"कुंकू हाय ना बापा."

"डागाची नोट आमच्याकडून पुढे कोणी घेत नाई. मले नाई घेता येत."

"लक्ष्मीले कुंकू नाई लावा, त काय लावा?" गोदाबाईंनी विचारलं.

बटव्यात मी असा खूश झालो! साऱ्या जगाचा राजा चिमूटभर कुंकवाने चीत! खरं सांगतो, सीमा रडत होती, तेही मी मनावर घेतलं नाही.

साडेचार वाजले. गोदाबाईंनी मला बाहेर काढलं. वाटलं, आता माझा मान! त्या थेट चंद्रभान सराफांकडे गेल्या. सराफांनी मला वाजवलं, तराजूत टाकलं आणि चांदीच्या भावाने अडीच हजार दिले.

"पोरी, खरा पैसा हाच व," गोदाबाई म्हणाल्या. "डॉलर नाई, हाच कामी आला."

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. एवढं बोलून त्या सीमाचा हात धरून घाईघाईने निघून गेल्या. जागा मिळाली असेल पोरीला.

उद्या मला वितळवून जोडवी करणार आहेत. तो डॉलर पुन्हा बटव्यात बसलाय. बसू दे मेल्याला! त्याचे दिवस भरले की त्याला रद्दीवालाही विचारणार नाही. पण मित्रांनो, तुम्ही एवढं करा. कोणाला चांगलं म्हणायचं असेल, तर तो तराजूत पडायच्या आधी म्हणा.