वाळूवरच्या खुर्चीचं समुद्रदर्शन

मी एक जुनी खुर्ची आहे, पण मित्रांनो, मला चार पाय नाहीत. मला तीन चाकं आहेत, पिवळी आणि भोपळ्यासारखी फुगलेली. ज्यांना चालता येत नाही त्यांना वाळूवरून थेट समुद्रात न्यावं, म्हणून मला घडवलं. साधी चाकाची खुर्ची वाळूत घातली की तिची बारीक चाकं रुततात आणि ती रुसून बसते. मी रुतत नाही. खोल पाण्यात गेले तर थोडी तरंगतेसुद्धा. एवढे गुण अंगी असून मला एकच गोष्ट येत नाही, ती म्हणजे आपली आपण हलणं. माझी सगळी कथा या एका उणिवेची आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळजोडणीचं काम करणाऱ्या एका कारागिरानं पांढऱ्या पाइपांचा माझा सांगाडा बांधला आणि त्याच्या बायकोनं माझी जाळीची बैठक शिवली. मला तपासायला समुद्र नव्हता. समोरच्या बांधकामावर वाळूचा ढीग पडला होता, त्यावर त्यानं मला नेलं, बायकोला बसवलं, ढिगावर चढवलं आणि उतरवलं. ती खाली उतरून म्हणाली, एवढ्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा कुठंतरी फिरवून आणलंत. कारागीर हसला नाही. त्यानं मागच्या चाकाचा नट आणखी एक फेरा आवळला.

तिथून मी बोटीनं एका बेटावर आले. मोठमोठी प्रवासी जहाजं या बेटाला चार-पाच तासांसाठी लागतात. प्रवासी उतरतात, पाण्यात डुंबतात, परत चढतात. मला धक्क्याच्या कचेरीबाहेर ठेवलं होतं. कुणीही मागावी आणि न्यावी. जवळचा किनारा तिथून दहा मिनिटांवर होता. त्याला दार नव्हतं, तिकीट नव्हतं, सावलीही नव्हती. होती ती साठेक पावलांची वाळू आणि तिच्या पलीकडे पाणी.

ते माझे खरे दिवस. पहिल्याच हंगामात मी एकशे बारा माणसं पाण्यात नेली. एक निवृत्त पहिलवान होता, त्यानं पाणी घोट्याला लागताच डोळे मिटून माझे हात घट्ट धरले आणि बाहेर आल्यावर सगळ्यांना सांगितलं की मजा आली. दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, त्या कुणी आधी बसायचं यावर भांडल्या आणि जहाजाचा भोंगा होईपर्यंत भांडतच राहिल्या. माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मला बरंच कळतं. काही जण माझ्यावर उपकार केल्यासारखे टेकतात. काही जण आधी इकडेतिकडे बघतात, ओळखीचं कुणी नाही ना याची खात्री करतात. पण पहिली लाट पायावर आली की सगळ्यांचं अंग सारखंच सैल पडतं.

मग शेजारच्या किनाऱ्यावर एक रिसॉर्ट झालं. कचेरीवाल्यांनी विचार केला, खुर्ची उन्हात पडून खराब होतेय, तिथं शेड आहे, कुलूप आहे, देखभाल होईल. मला तिकडे देऊन टाकलं. तोटा काही नव्हता. तिथंही वाळू होती, शिवाय उताराची वाट होती. जहाज कंपनीचा छायाचित्रकार आला. मी अर्धी पाण्यात, माझ्यात बसलेल्या एका काकांचे पाय वर उडालेले, अंगावर लाट फुटलेली, असा फोटो त्यानं काढला. तो रिसॉर्टच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आला. रिसॉर्टमध्ये शिरायला पास लागायचा, त्यावर शब्द होते: समुद्रस्नान प्रवेश.

पुढं एका हंगामात समुद्रानं तिथली वाळू उचलून नेली. रिसॉर्टनं दगडी भिंत बांधली, भिंतीवर लाकडी सज्जा घातला आणि सज्ज्याला कठडा लावला. पाणी आता कठड्याखाली पुरुषभर खोल. व्यवस्थापक तसे सज्जन होते. स्नान होत नाही तर स्नान लिहिणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी पासवरचा एक शब्द बदलला आणि तिथं समुद्रदर्शन केलं. फोटो मात्र तसाच ठेवला. फोटो चांगला आला होता.

तेव्हापासून मी शेडमध्ये असते. शेड सांभाळणाऱ्या टॉवेलवाल्या बाई माझ्यावर टॉवेलांचे गठ्ठे ठेवतात. महिन्यातून दोनदा मला सज्ज्यावर फिरवतात आणि मी फळ्यांवर भोपळे सरपटावेत तसा आवाज करते.

मित्रांनो, आता ज्या दिवसासाठी तुम्हाला थांबवलं त्या दिवसाकडे येते.

त्या दिवशी साडेअकराला तिघं जण फाटकाशी आले. एक म्हातारी आई, तिची लेक आणि जावई. आईनं तीस वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम केलं होतं. वर्षापूर्वी ती पडली, कमरेचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवली. तेव्हापासून बसणं जमत होतं, उभं राहणं नाही. तिनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. धुलाईघरातल्या एका मैत्रिणीनं तिला कधीतरी सांगितलं होतं की काठावर उभं राहिलं आणि लाट परत फिरली की तळपायाखालची वाळू सरकत जाते, गुदगुल्या केल्यासारखी. आईला तेवढंच पाहिजे होतं. उभं नाही तर बसून, पण पाय वाळूत टेकवून. ते झालं की माघारी.

जावई बसडेपोत टाइमकीपर होता. जहाज चारला सुटणार, साडेतीनला परत चढायचं, हे त्यानं लेकीला सकाळपासून सात वेळा सांगितलं होतं. किनारा निवडायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते त्यानं परीक्षेच्या अभ्यासासारखं केलं होतं. जवळचा किनारा फुकट, पण आईसाठी जहाजावरून घेतलेली बारीक चाकांची खुर्ची तिथल्या वाळूत रुतणार. लांबचा किनारा सुंदर, पण जाण्यायेण्यातच दोन तास मोडणार. रिसॉर्टला पास लागतो, पण तिथं सावली आहे, उतार आहे, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मी आहे, अर्धी पाण्यात. नव्या पासवरचा शब्दही त्यानं वाचला होता. त्याचा त्यानं लावलेला अर्थ लेक नंतर टॉवेलवाल्या बाईंना सांगत होती. दर्शन हा स्नानापेक्षा वरचा शब्द आहे, असं तो म्हणाला होता. ज्यात दर्शन आहे त्यात स्नान धरूनच असणार.

आईला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मला कुठलाही समुद्र चालेल, जावईबापू. ओला असला म्हणजे झालं."

जहाजाची बारीक चाकांची खुर्ची त्यांनी फाटकाशी ठेवली. टॉवेलवाल्या बाईंनी मला शेडमधून काढलं, एका चाकात हवा कमी होती ती भरली, आणि आईला माझ्यात बसवलं. ती हलकी होती. बसल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर माझी जाळी दोन बोटांत धरून शिवण तपासली. दुहेरी टाका आहे, असं लेकीला सांगितलं. मग तिनं पायातले मोजे काढून घेतले, घडी करून मांडीवर ठेवले आणि तयार झाली.

जावयानं मला ढकललं. आम्ही सज्ज्यावर आलो, कठड्यापर्यंत गेलो आणि थांबलो. जावयानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"अहो, खाली उतरायचं कुठून?" लेकीनं विचारलं.

टॉवेलवाल्या बाईंनी मान खाली घातली. "उतरायचं नाही ताई. पासवर दर्शन लिहिलंय ना. दर्शन म्हणजे दर्शनच."

जावयानं खिशातून पास काढला आणि पुन्हा वाचला. शब्द तोच होता.

कठड्यावरून जवळचा किनारा दिसत होता. मधे एक दोरी, मग दोनशे पावलं, मग वाळू. त्यांच्याच जहाजातली माणसं तिथं फुकटात डुंबत होती. मित्रांनो, ती वाळू माझ्या ओळखीची होती. तिथं कुठं मऊ आहे, कुठं खडे आहेत, हे मला चाकांनी पाठ होतं. मी एवढंच म्हणू शकले असते तर पुरे होतं की मला घेऊन चला. पण मी खुर्ची.

जावयाच्या मनातही तेच आलं. त्यानं मला वळवलं आणि फाटकाशी नेलं. फाटकवाल्या काकांनी हात आडवा केला. खुर्ची बाहेर जात नाही, असा नियम आहे, असं ते म्हणाले. जावयानं विचारलं, हा नियम कुणी केला. काका म्हणाले, "मला काय विचारता साहेब, मी नुसता फाटकावर आहे."

जावयाचा चेहरा मला दिसत होता. नियम आहे, हे वाक्य त्यानं डेपोत इतक्या लोकांना ऐकवलं होतं की ते ऐकणाऱ्यानं पुढं काय बोलायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

व्यवस्थापकांना बोलवायचं ठरलं. ते दुसऱ्या इमारतीत बैठकीत होते. बारा वाजले, एक वाजला. लेक तीनदा जाऊन आली. आई माझ्यात बसून होती, उघडे पाय पायटेकावर जुळवून. तिनं मोजे पुन्हा घातले नाहीत. काढले आहेत तर असू देत, म्हणाली. दीडच्या सुमारास तिनं लेकीला विचारलं की त्या पलीकडच्या बायका पाण्यात उभ्या राहून खाली का बघताहेत. लेक म्हणाली, पायाखालची वाळू सरकतेय म्हणून. मग आई दुसरीकडे बघायला लागली.

अडीचला व्यवस्थापक आले. फार अदबीनं बोलले. खुर्चीचा विमा फक्त आवारापुरता आहे, बाहेर काही झालं तर जबाबदारी कुणाची, परवानगीचा अर्ज आहे पण त्याला एक दिवस लागतो. जावयानं सांगितलं की त्याच्याकडे एक तास आहे. व्यवस्थापकांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी तिघांना थंड सरबत पाठवतो म्हटलं आणि आईला कठड्याच्या उजव्या कोपऱ्यात बसवायला सुचवलं. तिथून दर्शन जास्त छान होतं, असं ते म्हणाले.

ते गेल्यावर टॉवेलवाल्या बाई एक बादली आणि दोरी घेऊन आल्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बादली कठड्यावरून खाली सोडली, समुद्राचं पाणी वर ओढलं आणि आईच्या पायाशी ठेवलं. आईनं आधी हात बुडवला आणि बोटं एकमेकांवर घासून पाहिली, जशी ती तीस वर्षं पाहत आली असेल.

"जड पाणी आहे," ती म्हणाली. "साबणाला फेस येणार नाही."

बाई हसल्या. आईही हसली. मग तिनं बाईंचा हात धरला. "तुमचं मन मोठं आहे हो. पण बादल्या मी जन्मभर पाहिल्या. हा समुद्र नाही, ही बादली आहे." आणि तिनं पाय मागं घेतले.

तेव्हा जावयाचा धीर सुटला. तो खाली वाकला, एक हात तिच्या गुडघ्यांखाली घातला, दुसरा पाठीमागे, आणि म्हणाला की मी तुम्हाला उचलून नेतो, दोनशे पावलं तर आहेत. लेक म्हणाली, अहो, तीन वाजायला आलेत. तो म्हणाला, "चुकू दे जहाज."

मित्रांनो, टाइमकीपरच्या तोंडून ते शब्द बाहेर पडले तेव्हा त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

त्यानं तिला उचललं. माझ्या जाळीवरून वजन सुटलं, वीतभर, दोन वीत. मग आईच्या तोंडून एक आवाज आला. ओरडणं नव्हतं, लहानसा होता, पण त्यानं जावयाचे हात जागच्या जागी थिजले. कमरेतली पट्टी. त्यानं तिला परत माझ्यात ठेवलं, इतक्या हळू की ती कधी टेकली हे मलाही नीट कळलं नाही. मी तिला धरून ठेवलं. धरून ठेवणं तेवढं मला येतं.

तो कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. "माझी चूक झाली, आई," तो म्हणाला. "मला शब्द कळला नाही."

आई म्हणाली, "मोठा शब्द होता. कुणीही फसलं असतं." आणि मोजे घालायला लेकीला खूण केली.

तीन वीसला ती माझ्यातून जहाजाच्या खुर्चीत गेली. जाताना तिनं समुद्राकडे पाहिलं नाही. जाळी खुर्चीच्या हाताखाली थोडी उसवली आहे, कुणाकडून तरी दोन टाके घालून घ्या, असं टॉवेलवाल्या बाईंना सांगून गेली.

बाईंनी मला शेडमध्ये ठेवलं. माझ्यावर गठ्ठा ठेवण्याआधी त्या थोडा वेळ थांबल्या, मग त्यांनी गठ्ठा ठेवला, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

मित्रांनो, वस्तू जपावी, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मला जपलं आहे. कुलपात आहे, सावलीत आहे, माझा विमा उतरवलेला आहे. माझी विनंती वेगळी आहे. मला झिजवा. मला वाळूत ओढा, पाण्यात बुडवा, माझी जाळी उसवू द्या आणि पुन्हा शिवा. तुमच्या घरात कुणी समुद्राला पाय लावायचा राहिला असेल आणि तुम्ही त्याला घेऊन एखाद्या बेटावर उतरलात, तर पास घेण्याआधी फाटकातूनच म्हणा, आधी ती खुर्ची दाखवा. खुर्ची तुम्हाला काही सांगू शकणार नाही. तिच्या चाकांच्या खाचांत बोट घालून बघा. ओली वाळू निघाली तर निर्धास्त आत जा.

माझ्या चाकांत घालाल तर बोट कोरडं निघेल.